वरची वेल अळ्यांची

लीलाबाईंच्या मूगवड्यांवर अळी पडली नसती, तर अश्वजीतला खोटं बोलायची पाळी आली नसती.

अळी पडली तीही नेमकी चादरीच्या मधोमध. मखमली, काळपट तांबडी, अंगभर मऊ लाल काटे आणि कमरेला पांढरा पट्टा. लग्नाला निघाल्यासारखी सजलेली. लीलाबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी जिन्यातून नवऱ्याला हाक मारली आणि दयाराम विळा घेऊन गच्चीवर आले. जबलपूरच्या अधारताल भागातल्या त्या घराच्या गच्चीवर लोखंडी जाळीवर चढलेली वेल आज जाणार, हे ठरल्यातच जमा होतं.

वेल अश्वजीतने आणली होती. त्याचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं, विषय प्राणिशास्त्र. त्या दिवसांत तो बरगीकडच्या टेकड्यांवर फुलपाखरांच्या मागे धावायचा आणि घरचे समजायचे की पोरगा अभ्यास करून राहिला. मुळासकट उपटलेलं ते रोप चिप्सच्या रिकाम्या पाकिटातून बसने जबलपूरला आलं. लाल पोटाची काळी फुलपाखरं या कुळाच्या वेलीवरच अंडी घालतात, दुसऱ्या कशाला शिवत नाहीत. वेल लावली की फुलपाखरू आपल्या पायांनी घरी येतं, इतका साधा हिशेब. फुलपाखरं आली. अळ्या झाल्या. अळ्या वड्यांवर पडल्या.

"बाबा, थांबा," तो म्हणाला. "औषधी आहे ती. ईसरमूल. गुडघ्यांना चांगली."

विळा खाली आला. "पक्कं?"

"पक्कं."

पुरतं खोटंही नव्हतं ते. साप चावला, पोट दुखलं की जंगलातली माणसं ही वेल उगाळतात, असं त्याने ऐकलं होतं. गुडघे मात्र त्याने ऐनवेळी स्वतःच्या पदरचे जोडले, कारण बाबा जिना चढताना गुडघ्यावर हात टेकत वर आले होते. वेल वाचली. अश्वजीत स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन खाली गेला आणि त्याने दोन कप चहा प्यायला.

दुसरा कुणी बाप असता तर संध्याकाळपर्यंत विसरला असता. पण दयारामांची गोष्ट वेगळी. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून मजुरीला इथे आले. दयाराम स्वतः फॅक्टरीच्या स्टोअरमधून निवृत्त झाले. बैठकीत बुद्ध, बाजूला बाबासाहेब, आणि त्या दोघांच्या देखत घरात अंगारा, दोरा, लिंबू-मिरची काही चालत नसे. करोनात सगळी कॉलनी गुळवेल उकळून पीत होती, तेव्हा हा माणूस लसीचे दोन्ही डोस घेऊन दारात खुर्ची टाकून बसला होता. कुणी काही सांगायला आलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा: हे कोण म्हणतं, आणि तो काय शिकलाय?

हीच वेल एखाद्या वैद्याने दिली असती तर त्यांनी ती नालीत फेकली असती. पण सांगितलं होतं एम.एस्सी.ने, आणि तोही घराण्यातला पहिला.

पुढच्या महिन्यात अश्वजीतला नागपुरात नोकरी लागली. फुलपाखरं वाढवणाऱ्याला अळ्या मारायच्या फवाऱ्यांच्या चाचण्या घ्यायचं काम मिळालं. पगार बरा होता, म्हणून त्याने त्यावर फार विचार केला नाही. घरून फोन यायचे, त्यात वेलीची खबर असायची. दयाराम मोबाइलवर फोटो पाठवायचे, अर्धे स्वतःच्या अंगठ्याचे. तुझी पोरं मस्त खाऊन राहिली, म्हणायचे. एकदा त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की गच्चीवर एक मैना आली, तिने एक अळी उचलली, लगेच टाकली आणि कठड्यावर कितीतरी वेळ चोच घासत बसली. तेव्हापासून ती जाळीकडे फिरकत नाही. "शुद्ध वेल आहे," दयाराम म्हणाले. अश्वजीत हसला. मैनेचं त्याला माहीत होतं. शुद्ध म्हणजे बाबांना काय म्हणायचं होतं, ते त्याने विचारलं नाही.

मग एक दिवस लीलाबाईंनी सांगितलं, की बाबा आजकाल सकाळी काढा घेऊन तलावावर जातात. अश्वजीतला वाटलं, अखेर म्हातारा गुळवेलीला शरण गेला. त्याने ऑफिसात मित्रांना हा किस्सा रंगवून सांगितला.

गुळवेल विष्णुपंतांची होती. तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्या निवृत्त मंडळींत विष्णुपंत मास्तर म्हणजे पुढारी. मराठ्यांच्या राज्यात कारकुनीला आलेलं त्यांचं घराणं, हे ते नव्या माणसाला पहिल्या फेरीतच सांगत. थर्मासमधून ते सगळ्यांना झाकण-झाकण काढा द्यायचे, आणि दयारामांपाशी आले की म्हणायचे, "तुम्ही घेत नाही, नाही का?" प्रश्न असा असायचा की उत्तराची गरज पडू नये. दयारामही खरंच घेत नव्हते, त्यामुळे दोघांचं वर्षानुवर्षं छान चाललं होतं. मात्र दयारामांनी कधी घरचा चहा किंवा वड्या नेल्या, की मास्तरांचा नेमका उपास निघायचा.

त्या मंडळीत दयाराम आता स्वतःचा थर्मास घेऊन गेले. माझा मुलगा एम.एस्सी. आहे, त्याने सांगितलंय, म्हणाले. वैद्यकाच्या गोष्टीत मास्तरांना कुतूहल भारी. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं झाकण पुढे केलं. काही आठवड्यांनी ते दयारामांच्याच झाकणातून प्यायले. त्या दिवशी दयारामांनी घरी येऊन ही गोष्ट लीलाबाईंना दोनदा सांगितली, आणि जेवताना तिसऱ्यांदा. लीलाबाईंना कडू सोसत नाही, म्हणून त्या स्वतः कधी प्यायल्या नाहीत. कडू न सोसणं कधीकधी फार उपयोगी पडतं.

गच्चीवर दयारामांनी वाटणीही करून टाकली होती. वरची वेल अळ्यांची, खालची माझी. स्टोअरचा माणूस, ज्याचा माल त्याला. खालून दयाराम तोडत आणि वरून अळ्या कुरतडत, अशी ती वेल दीड वर्ष दोन्हीकडून खाल्ली जात होती.

दयाराम दरवर्षी दीक्षाभूमीला जायचे. धम्मचक्राच्या दिवसाला गाडीत पाय ठेवायला जागा नसली तरी जायचे. लीलाबाईंना ताप असताना गेले, घराचा स्लॅब पडायचा होता तेव्हा गेले. यंदा त्यांनी नागपुरात राहणाऱ्या मुलाला फोन करून सांगितलं, की येणं होत नाही, थकवा आहे. अश्वजीतने "अच्छा, आराम करा" म्हणून फोन ठेवला, आणि मग त्याला काम सुचेना. दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसला.

दार दयारामांनीच उघडलं. चेहरा जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचा झाला होता. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. जेवायला बसले तर दोन घासांनंतर ताट सरकवलं. तोंडाला पितळेची चव येते, म्हणाले. सकाळी डोळ्यांखाली सूज. लीलाबाई सांगायला लागल्या की रात्रीतून किती वेळा उठतात, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"काहून घाबरून राहिली? वजन उतरलं म्हणून गुडघे हलके झाले. औषधाचा गुण आहे."

अश्वजीतला वाटलं, डॉक्टरांच्या कुठल्या गोळ्यांबद्दल बोलत असतील.

नेपियर टाउनमधल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं करून घेतलं, आणि कागद बघताना त्यांचं बोलणं कमी होत गेलं. साखर नाही. रक्तदाब थोडा जास्त, पण इतकं करण्याइतका नाही. तरी रक्त निम्म्यावर आलेलं, क्रिएटिनिन चढलेलं आणि दोन्ही मूत्रपिंडं आकसलेली. असं विनाकारण होत नाही, त्या म्हणाल्या. मग त्यांनी सरळ विचारलं, "बाबूजी, कोई जड़ी-बूटी? काढ़ा, चूर्ण, कुछ लेते हैं?"

दयाराम ताठ बसले. "हम लोग ये सब नहीं मानते, मॅडम."

ते खोटं बोलत नव्हते.

बाहेर बाकावर ते दमून टेकले. पिशवीतून थर्मास काढला, झाकण फिरवलं, ओतलं. वास अश्वजीतपर्यंत आला. कापरासारखा, थोडा मातकट, मागे कडवटपणा. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी हाच वास त्याच्या बोटांना होता. अळ्यांना पानं तोडून घालताना लागायचा, आणि साबणाने जायचा नाही.

"बाबा, हे काय?"

"तुझंच तर औषध," दयाराम म्हणाले आणि पिऊन टाकलं.

अश्वजीत पुन्हा आत गेला. त्याने वेलीचं नाव सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. वेलीच्या पानात, मुळात जे आम्ल असतं, त्याचं नाव दोघांनाही माहीत होतं. त्याला कीटकांच्या पुस्तकातून, त्यांना मूत्रपिंडांच्या. युरोपात नदीकाठच्या काही गावांत याच कुळातलं एक तण गव्हात उगवायचं, त्याचं बी पिठात जायचं, आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसं अशीच फिकट होत मरायची. कारण कळायला अर्धं शतक गेलं. बाईंनी सांगितलं, आजपासून एक थेंब नाही. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते किती टिकेल, हे दर महिन्याला तपासून कळेल. पुढे मूत्रमार्गात गाठीही होऊ शकतात, त्यावर नजर ठेवावी लागेल. आणि तो उठताना त्यांनी विचारलं, "और किस-किस ने पिया है?"

घरी आल्यावर त्याने सांगायचा प्रयत्न केला. दयाराम ऐकून घेत होते, आणि ऐकून घेणं म्हणजे मानणं नव्हे, हे त्यांच्या मांडी हलवण्यावरून दिसत होतं. शेवटी म्हणाले, चल वर.

गच्चीवर ऊन कलतं होतं. वेलीचा खालचा भाग काड्यांसारखा बोडका होता. वर अळ्या लागल्या होत्या, शांतपणे, एकामागून एक पान संपवत.

"ही बघ," दयाराम म्हणाले. "फुंकर मारली तर पडेल इतकी नाजूक. जन्मभर हेच खाते, दुसरं काही नाही. खाऊन वाढते, पंख फुटतात, उडते. तिला काही होत नाही, आणि मला होतं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. दीड वर्ष हा माणूस रोज सकाळी इथे उभा राहून बघत होता आणि जे दिसलं त्यावरून त्याने शिकलेल्या माणसासारखा निष्कर्ष काढला होता. अश्वजीतला आयुष्यात पहिल्यांदा शिकवायची संधी मिळाली होती, आणि वर्गात एकच विद्यार्थी.

त्याने सांगितलं की वेल हे विष स्वतःला वाचवायला करते, सगळ्या किड्यांना दूर ठेवायला. बहुतेक सगळे दूर राहतातच. ही एक जात लाखो वर्षं तेच खात आली, म्हणून ती मरत नाही. पण विष जिरवते असंही नाही. ते अंगात साठवते. अळीत, कोशात, पंखांत, अंड्यांतसुद्धा. अंगाचा लाल रंग त्याचीच दवंडी आहे. आपल्याला ही विद्या येत नाही. आपल्या शरीरात ते मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि आतून कातरतं.

"तुमची ती मैना," तो म्हणाला. "ती एकदाच चुकली, बाबा. तुम्ही रोज."

दयाराम कठड्याकडे बघत राहिले. तेवढ्यात एक काळं फुलपाखरू लाल ठिपके मिरवत आलं, वेलीला वळसा घालून लीलाबाईंच्या कढीपत्त्यावर बसलं. दयारामांनी विचारलं, हे आपलंच ना? अश्वजीत म्हणाला, नाही. पोट बघा, काळं आहे. आपल्याचं लाल असतं. हे कढीपत्ता आणि लिंबू खाऊन वाढतं, अंगात विष नाही, पण कपडे मात्र विषारीचे घालतं, म्हणजे पक्षी भिऊन सोडून देतात.

"बिनविषारी, आणि विषारी असल्याचं सोंग," दयाराम म्हणाले. "तू उलटं केलंस बेटा."

 मग ते खालच्या आवाजात पुढे म्हणाले,

"माझं सोड. मी आजच बंद करतो. पण तो मास्तर इतकी वर्षं माझ्या घरचं पाणी पीत नव्हता. आता माझ्या झाकणातून पितो, सगळ्यांसमोर. आणि मी जाऊन त्याला सांगू, की मी तुला विष पाजून राहिलो होतो?"

त्या संध्याकाळी अश्वजीत विळा घेऊन वर गेला. दयारामांनी त्याला जिन्यातच अडवलं. अळ्यांचं काय चुकलं, म्हणाले. त्यांचं तर खाणं आहे ते. मग कुणाचा हात वेलीला लागू नये म्हणून त्यांनी स्वतः जाळीभोवती दुसरी बारीक जाळी तारेने बांधायला घेतली, खालपर्यंत. दोन गाठींनंतर त्यांना बसावं लागलं. उरलेल्या गाठी अश्वजीतने मारल्या आणि दयाराम सांगत राहिले की कुठली सैल आहे.

सकाळी दयाराम थर्मास न घेता तलावावर गेले. अश्वजीत मागे मागे, त्यांच्या चालीने, म्हणजे फार हळू. मंडळी जमली होती. दयारामांनी प्रस्तावना केली नाही. आपल्या काढ्यात मूत्रपिंड खराब करणारं विष होतं, माझे रिपोर्ट हे असे आहेत, ज्याने ज्याने घेतलं त्याने रक्त तपासून घ्यावं, असं उभ्या उभ्या सांगून टाकलं. मुलाचं नाव त्यांनी काढलं नाही. अश्वजीतनेच पुढे होऊन सांगितलं की चूक माझी. तेव्हा दयारामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मध्ये बोलायची परवानगी कुणी दिली.

बाकीच्यांनी कधीतरी एखादं झाकण घेतलं होतं; ते घाबरले, आणि त्याच दुपारी तपासायला गेले. रोज घेणारे एकटे विष्णुपंत. ते हसले.

"तुमचा मुलगा फवाऱ्याच्या कंपनीत आहे ना? त्याला दिवसभर विषच दिसणार." मग म्हणाले, गुळवेल घेतो आहे मी, तिच्यापुढे काही टिकत नाही. रक्तबिक्त तपासायचं नाव त्यांनी उडवून लावलं. आणि विषय बदलावा तसं म्हणाले, "माझी वेल कधी देता?"

ती एक भानगड होतीच. विष्णुपंतांनी गेल्याच महिन्यात विजय नगरच्या आपल्या गच्चीवरून एक कलमी लिंबू कुंडीसकट धाडलं होतं, बदल्यात ईसरमुळाचं एक रोप मिळावं म्हणून. मास्तरांच्या घरून काही आलं, म्हणून दयारामांनी ते लिंबू दारातच ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. दसऱ्यानंतर देतो, असा शब्दही दिला होता.

"ते देता येणार नाही, मास्तर," दयाराम म्हणाले.

विष्णुपंतांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून माणूस निघून गेला. "आम्हाला द्यायचं नाही, असं सरळ सांगा ना."

 हे वाक्य दयारामांना फार ओळखीचं वाटलं असावं. आजवर ते स्वतः नकार ऐकणाऱ्या बाजूला उभे असायचे. त्यांनी एवढंच सांगितलं, की लिंबू परत पाठवतो. विष्णुपंत म्हणाले, दिलेलं आम्ही परत घेत नाही. आणि वेलीचं नाव तर कळलंच आहे. बरगीकडे माझा एक माणूस आहे, तो आणून देईल.

अश्वजीत दोनदा मास्तरांच्या घरी गेला. पहिल्यांदा चहा मिळाला, दुसऱ्यांदा दार उघडलं नाही. त्यांच्या मुलाला इंदूरला फोन केला. मुलगा म्हणाला, भैया, बाबा माझं ऐकत असते तर मी इंदूरला कशाला असतो.

महिन्याने दयारामांचा दुसरा रिपोर्ट आला. काढा बंद असूनही आकडा थोडा वरच सरकला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुटलेली गाडी ब्रेक लावला तरी थोडी पुढे जातेच, बघू. किती पुढे, हे त्या बोलल्या नाहीत. अश्वजीतने नागपूरची नोकरी सोडली नाही, पण दर शनिवारी तो गाडीत असतो. दयाराम तलावावर जातात, एकच फेरी मारतात.

विष्णुपंत पूर्वी त्यांच्या पुढे असायचे. आता ते घाटाच्या पायरीवर बसलेले दिसतात. चप्पल चावते, म्हणतात. चेहऱ्याचा रंग कसा आहे हे सकाळच्या त्या उजेडात नीट कळत नाही, आणि दयाराम जवळ जाऊन बघायचं टाळतात. बरगीचा माणूस एकदा भलतीच वेल घेऊन आला होता, ती मास्तरांनी ओळखून फेकली. तो परत जाणार आहे.

गेल्या रविवारी त्यांनी पायरीवरून हाक मारली. "दयारामजी, वेल बाकी आहे हं."

"बाकी आहे," दयाराम म्हणाले. "राहू द्या." आणि ते मास्तरांच्या शेजारी, एक पायरी सोडून, बसले.